फेरफाराची वही आणि डेटाबेसचे हूक : एक परीक्षण

(१)

वेबवर चालणाऱ्या आज्ञावलींच्या रचनेत गेल्या वीस-बावीस वर्षांत एक पद्धत इतकी रूढ झाली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. डेटाबेसमध्ये एखादी नोंद घालावयाची, बदलावयाची किंवा काढून टाकावयाची असली म्हणजे त्या क्रियेच्या आधी व नंतर आज्ञावलीकाराने स्वतः लिहिलेले काही काम आपोआप चालावे, अशी सोय जवळजवळ प्रत्येक प्रचलित साधनात केलेली असते. या सोयीस कोठे ट्रिगर म्हणतात, कोठे कॉलबॅक, कोठे सिग्नल, तर कोठे नुसते हूक. नावे वेगळी असली तरी कल्पना एकच आहे. मूळ क्रिया करणाऱ्यास ज्याची आठवण ठेवावी लागू नये असे काम त्या क्रियेस अडकवून ठेवणे, ही ती कल्पना होय. नाव जतन करण्यापूर्वी त्यातील अनावश्यक मोकळ्या जागा काढणे किंवा रक्कम शून्याखाली गेलेली नाही हे तपासणे, ही पूर्वक्रियेची साधी उदाहरणे. नोंद झाल्यावर संबंधितास संदेश पाठविणे किंवा दुसऱ्या तक्त्यातील बेरीज बदलणे, ही उत्तरक्रियेची.

या पद्धतीचे गुण पाठ्यपुस्तकांतून पुरेसे सांगितले जातात. दोष सांगितले जातात ते मात्र बहुधा पोळलेल्या माणसाच्या तक्रारीच्या स्वरूपात. कोणती कामे हूकवर सोपवावीत, कोणती सोपवू नयेत, आणि तसे का, याचा निकष त्या तक्रारींतून हाती लागत नाही. असा निकष शोधण्यासाठी एखाद्या अशा व्यवस्थेकडे पाहणे उपयुक्त ठरते की जिच्यात 'नोंदीच्या आधी' आणि 'नोंदीच्या नंतर' काय व्हावे याचा विचार संगणकाच्या पूर्वीच झालेला आहे, आणि जिच्यातील चुकीची किंमत मोजणारी माणसे डोळ्यांसमोर आहेत. जमिनीच्या अधिकार अभिलेखातील फेरफाराची व्यवस्था ही अशी आहे. प्रस्तुत लेखात ती मिरज तालुक्याच्या संदर्भात घेतली आहे.

मिरज हे या विचारास योग्य स्थळ आहे. १९४८ पर्यंत येथे पटवर्धनांच्या संस्थानाचा अंमल होता. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये हा प्रदेश नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. अंमल बदलला, जिल्ह्याचे नाव बदलले, परंतु जमीन कोणाच्या नावे आहे हा प्रश्न प्रत्येक राजवटीस वहीतूनच सोडवावा लागला. सांगली आणि मिरज ही दोन शहरे एकाच तालुक्यात असल्यामुळे शेतीची बिनशेती होणे, वाटण्या व खरेदीखते होणे हे येथे नित्याचे आहे. म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागाकडे नेणाऱ्या योजनेमुळे, जेथे पाणी पोचले तेथे सातबाऱ्यावरील एका ओळीचे महत्त्व वाढणेही स्वाभाविक आहे.

(२)

हूकच्या कल्पनेचा इतिहास दोन टप्प्यांचा आहे, आणि त्या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ उत्पन्न झालेला आहे.

पहिला टप्पा डेटाबेसच्या आतला. एडगर कॉड यांचा रिलेशनल डेटाबेसवरील मूळ निबंध १९७० चा. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९७६ मध्ये, आय.बी.एम. मधील संशोधक के. पी. ईश्वरन यांनी ट्रिगरच्या उपव्यवस्थेचा विचार मांडला. १९८० नंतरच्या संशोधनात 'घटना, अट आणि कृती' ही त्रयी स्थिर झाली: अमुक घडले, तमुक अट पुरी झाली, तर हे करावे. ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत १९९२ मध्ये ट्रिगर आले आणि एस.क्यू.एल. भाषेच्या १९९९ च्या मानकाने त्यांना अधिकृत स्थान दिले. या टप्प्यातील ट्रिगर तक्त्यालाच बांधलेला असतो. त्या तक्त्यात लिहिणारा कोणीही असो, वेबवरील आज्ञावली असो, रात्री चालणारे काम असो वा थेट आज्ञा देणारा व्यवस्थापक असो, ट्रिगर सामान्यतः त्याला लागू पडतो.

दुसरा टप्पा वेब फ्रेमवर्कचा. २००४ मध्ये रेल्स, २००५ मध्ये जँगो आणि २००६ मध्ये जावाचे पर्सिस्टन्स मानक यांच्या द्वारे हूक डेटाबेसमधून उठून आज्ञावलीतील वस्तूंवर, म्हणजे ऑब्जेक्टवर, जाऊन बसले. 'बिफोर सेव्ह', 'आफ्टर सेव्ह', 'प्री सेव्ह', 'पोस्ट सेव्ह' ही नावे आता विद्यार्थ्यांच्या तोंडी झाली आहेत. लेखन सोपे झाले, चाचण्या घेणे सोपे झाले, आणि डेटाबेसची स्वतंत्र भाषा शिकण्याचे कष्ट वाचले. परंतु एक गोष्ट घडली व ती नावावरून कळेना: जो पहारेकरी कोठाराच्या दारावर होता तो आता कोठाराकडे येणाऱ्या अनेक रस्त्यांपैकी एका रस्त्यावर बसला. नाव पहारेकरीच राहिले.

(३)

आता फेरफाराच्या व्यवस्थेकडे वळता येईल. मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र कायदा १९०३ मध्ये झाला व १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावून घेण्यात आला. आजची चौकट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने दिलेली आहे. तिच्या कलम १४९ प्रमाणे जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे, ती गोष्ट कळवावयाची असते. कलम १५० प्रमाणे तलाठी ती वर्दी फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंदवितो. सातबाऱ्यास येथपर्यंत अंतिम असा कोणताही बदल झालेला नसतो. नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावली जाते, आणि ज्यांचा हितसंबंध अभिलेखावरून दिसतो त्या सर्वांस लेखी नोटीस जाते. हरकत आली तर ती गाव नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत लिहिली जाते व तिचा निर्णय महसूल अधिकारी देतो. हरकत नसेल तर नोंद तपासून मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो; मात्र संबंधितांवर नोटीस बजावल्याखेरीज कोणतीही नोंद प्रमाणित करता येत नाही. प्रमाणनानंतर फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर होतो. अशा प्रमाणित नोंदीस कलम १५७ ने एक गृहीतक बहाल केले आहे: विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानावयाची. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितले असले तरी, कर्ज मागावयास गेलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या गृहीतकाचे मोल थोडे नाही.

कागदी पद्धतीत एक लहानशी रीत होती. फेरफार प्रमाणित होईपर्यंत त्याचा उल्लेख सातबाऱ्यावर पेन्सिलने करीत आणि प्रमाणनानंतर तो शाईने पक्का करीत. या रीतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

व्यवस्थेत एक उत्तरक्रियाही आहे व ती तर हूकच्या कल्पनेशी तंतोतंत जुळते. कलम १५४ प्रमाणे, जमिनीसंबंधीचा दस्त नोंदला गेला की नोंदणी अधिकाऱ्याने त्याची सूचना महसूल यंत्रणेकडे पाठवावयाची असते. मिरजेच्या दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत नोंदले गेले, ही घटना. त्याची खबर तलाठ्याच्या वहीपर्यंत जाणे, ही तिची उत्तरक्रिया. पूर्वी ही सूचना कागदाने जाई. आता नोंदणी विभागाची आय-सरिता ही प्रणाली आणि महसूल विभागाची ई-फेरफार ही प्रणाली यांच्या जोडणीतून ती जाते, आणि फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या नावाने सर्वांस पाहता येतात. माध्यम बदलले तरी क्रम टिकून आहे: वर्दी, नोंद, नोटीस, हरकतीची मुदत, प्रमाणन, अंमल.

या क्रमाकडे आज्ञावलीकाराच्या दृष्टीने पाहिले असता तीन गुण प्रत्ययास येतात. आधी व नंतर जे घडते ते दिसते. ते टाळून सातबाऱ्यापर्यंत जाता येत नाही. आणि कच्ची व पक्की अवस्था यांची कधी गल्लत होत नाही. दृश्यता, अपरिहार्यता आणि अवस्थाभेद अशी त्यांना नावे देता येतील. हूकच्या प्रचलित पद्धतीची परीक्षा याच तीन कसोट्यांवर करावयाची आहे.

(४)

प्रथम दृश्यता. एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये 'गो टू' या आज्ञेविरुद्ध जे प्रसिद्ध पत्र लिहिले त्यातील मुख्य युक्तिवाद असा होता की आज्ञावलीचा कागदावरील मजकूर आणि तिचे प्रत्यक्ष चालणे यांतील अंतर शक्य तितके कमी असावे. कारण मनुष्याची बुद्धी स्थिर संबंध जाणण्यात जितकी तरबेज आहे तितकी काळाच्या ओघात उलगडणाऱ्या क्रिया जाणण्यात नाही. पुढे १९७३ मध्ये लॉरेन्स क्लार्क यांनी थट्टेने 'कम फ्रॉम' नावाची आज्ञा सुचविली. 'गो टू' मध्ये निदान निघणाऱ्या ठिकाणी लिहिलेले असते की येथून अन्यत्र जावयाचे आहे. 'कम फ्रॉम' मध्ये तेही नाही. ती आज्ञा दूर कोठेतरी बसून म्हणते, तिकडची अमुक ओळ चालली की ताबा इकडे यावा. त्या ओळीजवळ उभ्या असलेल्या वाचकास याची गंधवार्ता नसते. थट्टा म्हणून जे लिहिले गेले त्याचेच गंभीर रूप म्हणजे हूक होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 'जतन करा' एवढी एकच ओळ वाचणाऱ्यास तिच्यामागे सहा कामे चालतात की साठ, हे त्या ओळीवरून समजण्याचा मार्ग नाही.

याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. रेल्सच्या पाचव्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१६ पूर्वी, पूर्वक्रियेच्या हूकने 'असत्य' हे मूल्य परत दिले की जतन करण्याची क्रियाच थांबत असे. रूबी भाषेत कोणत्याही पद्धतीतील शेवटच्या पदाचे मूल्य आपोआप परत जाते. त्यामुळे हूकमधील शेवटच्या ओळीत एखाद्या रकान्यास निरुपद्रवीपणे 'नाही' असे मूल्य दिले, तरी नोंद जतन होत नसे, आणि ती का झाली नाही याचा निर्देश कोठेही उमटत नसे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आजही ओळीस लावलेल्या पूर्व-ट्रिगरने रिक्त मूल्य परत दिले तर त्या ओळीवरील क्रिया निमूटपणे वगळली जाते. त्रुटीचा संदेश येत नाही, केवळ बदललेल्या ओळींची संख्या एकाने कमी भरते. त्याच डेटाबेसमध्ये एकाच घटनेवर एकाच प्रकारचे अनेक ट्रिगर असले तर ते नावांच्या वर्णानुक्रमाने चालतात. म्हणजे एखाद्याने वाचनीयतेसाठी ट्रिगरचे नाव बदलले तर कार्याचा क्रम बदलू शकतो.

याच्या शेजारी गाव नमुना सहा-अ ठेवून पाहावा. फेरफाराच्या व्यवस्थेतही नोंद अडविली जाते. किंबहुना अडविण्यासाठीच ती व्यवस्था आहे. परंतु अडविल्याची स्वतंत्र वही आहे. हरकत कोणी घेतली, केव्हा घेतली, निर्णय काय झाला, हे तीत लिहावे लागते. नकार हीसुद्धा एक नोंद आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. हूक लिहिणारा ते बहुधा विसरतो. बेडग किंवा आरग येथील एखाद्या वारसाचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, तर त्यास का चढले नाही हे विचारण्याचा अधिकार आहे व उत्तर शोधण्याची जागा आहे. निमूटपणे वगळलेल्या ओळीविषयी प्रश्न विचारावयाचा तर तो कोणास?

(५)

दुसरी कसोटी अपरिहार्यतेची. हूकवर विश्वास ठेवणारा गृहीत धरतो की नोंद बदलली म्हणजे हूक चाललाच. फ्रेमवर्कमधील हूकबाबत हे गृहीत खरे नाही. रेल्समध्ये 'अपडेट ऑल' किंवा 'डिलीट ऑल' वापरून अनेक ओळी एकदम बदलल्या वा काढल्या तर कॉलबॅक चालत नाहीत. जँगोमध्ये क्वेरीसेटच्या 'अपडेट' ने किंवा 'बल्क क्रिएट' ने केलेल्या बदलांस 'प्री सेव्ह' व 'पोस्ट सेव्ह' हे सिग्नल मिळत नाहीत. या गोष्टी त्या त्या साधनांच्या माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत व त्यामागे वेगाचे सयुक्तिक कारणही आहे. दोष लपवाछपवीचा नाही. दोष असा की जी तपासणी नेहमीच व्हावी अशी अपेक्षा, ती जिथे काम मोठे व घाईचे, नेमकी तिथेच सुटते. डेटाबेसमधील ट्रिगर पुष्कळ अंशी अधिक विश्वसनीय, परंतु त्यासही अपवाद आहेत. मायएसक्यूएलमध्ये परकीय चावीच्या साखळीने, म्हणजे एक ओळ काढल्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळी आपोआप निघाल्या तर, त्या ओळींवरील ट्रिगर चालत नाहीत.

आडवाट असणे हाच दोष आहे असे नाही. महसूल संहितेतही एक आडवाट आहे. कलम १५५ प्रमाणे अभिलेखातील लेखनप्रमाद, तसेच संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका, नेहमीच्या फेरफाराखेरीज दुरुस्त करता येतात. परंतु तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यास स्वतः आढळलेली चूक दुरुस्त करावयाची असेल, तर पक्षांस नोटीस द्यावी लागते व हरकतींचा निकाल विवादग्रस्त नोंदींच्याच रीतीने लावावा लागतो. म्हणजे कायद्याने आडवाट ठेवली, पण ती अरुंद ठेवली, तिला नाव दिले, आणि तिच्यावरून जाणाऱ्यासही नोटिशीचे बंधन घातले. ज्या आज्ञावलीत हूक टाळून लिहिण्याची वाट आहे तीत त्या वाटेस असे कोणते बंधन घातले आहे, हा प्रश्न प्रत्येक रचनाकाराने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जी अट मोडली असता नोंदच खोटी ठरते, ती अट फ्रेमवर्कच्या हूकमध्ये ठेवणे योग्य नव्हे. तिची जागा तक्त्याच्या व्याख्येत आहे: रिक्तता न चालणे, एकमेवता, परकीय चावी, मूल्याची मर्यादा. यांपैकी कशातही न बसणारी अट असेल तर ट्रिगर. फ्रेमवर्कमधील पूर्वक्रियेने वापरणाऱ्यास सौजन्याने आगाऊ सूचना द्यावी; अंतिम राखण तिच्यावर सोपवू नये.

(६)

तिसरी कसोटी अवस्थाभेदाची, आणि विषयाचे मर्म येथेच आहे.

डेटाबेसमधील अनेक बदल एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधलेले असतात. ते सर्व मिळून पक्के होतात किंवा सर्व मिळून रद्द होतात. पक्के होण्याच्या क्षणास कमिट म्हणतात. आता 'आफ्टर सेव्ह' या नावातील 'आफ्टर' कशाच्या नंतरचा? तो ओळ लिहिल्यानंतरचा आहे, कमिटनंतरचा नव्हे. कल्पावे की एखाद्या आज्ञावलीत जमिनीच्या हस्तांतराची ओळ लिहिली गेली, लगेच उत्तरक्रियेच्या हूकने खरेदीदाराच्या मोबाइलवर 'आपली नोंद झाली' असा संदेश धाडला, आणि पुढच्याच पायरीवर काही अडचण येऊन ट्रॅन्झॅक्शन रद्द झाले. डेटाबेसमध्ये काहीच घडलेले नाही. खरेदीदाराच्या हातात मात्र घडल्याचा पुरावा आहे. ओळ मागे घेता येते, संदेश मागे घेता येत नाही. ही उणीव साधनकारांच्या ध्यानात आली. रेल्सने २०१० मध्ये 'आफ्टर कमिट' आणि जँगोने २०१५ मध्ये 'ऑन कमिट' ही सोय दिली. पेन्सिल आणि शाई यांतील भेद संगणकाने अशा रीतीने पुन्हा एकदा शोधून काढला.

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कमिट झाले, आणि संदेश धाडण्यापूर्वीच सर्व्हर बंद पडला, तर नोंद पक्की आहे पण तिची खबर कोणासच नाही. येथे कलम १४९ मधील एक तरतूद विशेष बोधप्रद ठरते. नोंदणीकृत दस्तान्वये ज्यास हक्क मिळाला त्यास तलाठ्याकडे वर्दी देण्याच्या बंधनातून सूट आहे. ही सूट का, तर ते काम कलम १५४ च्या सूचनेने होणार आहे म्हणून. म्हणजे एका उत्तरक्रियेच्या भरवशावर मनुष्याचे कर्तव्य काढून घेतले गेले. अशी सूचना जर वाटेत गहाळ झाली, तर खरेदीदार आपले काम झाले या समजुतीने स्वस्थ, आणि वहीत जुन्याच मालकाचे नाव. कोणीही चूक केलेली नाही, पण नोंद चुकीची आहे. ज्या उत्तरक्रियेच्या भरवशावर दुसऱ्या कोणाचे तरी बोलणे बंद केले आहे ती उत्तरक्रिया 'बहुधा होईल' अशा स्वरूपाची असून भागत नाही.

यावर अलीकडे जो उपाय सर्वमान्य होत आहे तो जुन्या कचेरीतील जावक वहीसारखा आहे. संदेश लगेच धाडावयाचा नाही. 'हा संदेश धाडावयाचा आहे' अशी एक ओळ मूळ बदलाबरोबर त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहावयाची. दोन्ही पक्क्या होतील किंवा दोन्ही रद्द. मग वेगळे एक काम त्या वहीतील ओळी वाचून संदेश पाठविते व पाठविल्याची खूण करते. खूण करण्यापूर्वी ते बंद पडले तर संदेश दोनदा जाईल. म्हणून घेणाऱ्याने तोच संदेश पुन्हा आल्यास तो ओळखावा, अशी तजवीज करावी लागते. या उपायात गुप्तपणे चालणारी क्रिया उघड दिसणाऱ्या नोंदीत बदललेली आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

नोंदीची अर्धवट अवस्था वाचावी कशी, ही अडचणही याच जातीची. ओरॅकलमध्ये ओळीवर चाललेला ट्रिगर ज्या तक्त्यात बदल चालू आहे तोच तक्ता वाचू पाहील तर डेटाबेस त्रुटी देऊन त्यास थांबवितो. त्या त्रुटीच्या संदेशात तक्त्यास जे इंग्रजी विशेषण लावतात ते फेरफारास वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाच्याच धातूचे आहे, हा योगायोग मनोरंजक आहे. बदल अर्धा झाला असता तक्त्याचे खरे स्वरूप काय, यास उत्तर नसते, म्हणून वाचनच वर्ज्य केलेले आहे. पेन्सिलीची नोंद मात्र वाचता येत असे, कारण ती अर्धवट आहे हे तिच्या रूपावरूनच कळत असे.

(७)

हूकच्या पुरस्कर्त्यांची बाजू दुर्लक्षण्यासारखी नाही. एकच काम वीस ठिकाणी हाताने लिहिण्यापेक्षा ते एकदाच क्रियेस अडकविणे श्रेयस्कर, कारण वीस ठिकाणांपैकी एक ठिकाण कोणीतरी विसरतोच. बदलाची तारीख लिहिणे, अक्षरे एकसारखी करणे, कोणी केव्हा काय बदलले याचा माग ठेवणे, या कामांस हूक किंवा ट्रिगर हेच योग्य साधन आहे. मिरजेच्या सतारीचा दृष्टांत येथे पुरस्कर्त्यांच्या बाजूने देता येईल. पडद्यांखालच्या तरफेच्या तारा वादक छेडीत नाही. वरच्या तारेचा स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात, आणि वादनाची भरदारता पुष्कळशी त्यांच्यावरच असते. दृष्टांत मार्मिक आहे, पण त्याच्या अटीही लक्षात घ्यावयास हव्यात. तरफेच्या प्रत्येक तारेची खुंटी डोळ्यांस दिसते, वादक त्या तारा रागानुसार स्वतः मिळवून घेतो, आणि एखादी तार बेसूर असली तर तत्क्षणी ऐकू येते. हूकच्या बाबतीत या तीनही गोष्टी आपोआप लाभत नाहीत. त्या कष्टाने साधाव्या लागतात.

उलट फेरफाराच्या व्यवस्थेस आदर्श ठरविणेही चुकीचे होईल. चावडीत लावलेली नोटीस मुंबईस नोकरीसाठी गेलेल्या भावाच्या दृष्टीस पडतेच असे नाही. मुदतीची पायरी लबाडास आडकाठी करते तशी गरजूसही खोळंबून ठेवते. आणि दृश्यता म्हणजे न्याय नव्हे. शिवाय हरकतीसाठी जी पंधरा दिवसांची वाट पाहिली जाते, तितका काळ कोणतेही ट्रॅन्झॅक्शन उघडे ठेवता येणार नाही. म्हणून ही तुलना शब्दशः घेऊ नये.

परंतु या शेवटच्या अडचणीतच तुलनेचे खरे फळ आहे. संहितेतील वर्दी, नोटीस, हरकत व प्रमाणन या पायऱ्यांस आज्ञावलीकार प्रथमदर्शनी पूर्वक्रिया व उत्तरक्रिया म्हणेल आणि त्यांसाठी हूक लिहू लागेल. वस्तुतः त्या क्रिया नव्हेतच. त्या नोंदीच्या अवस्था आहेत. फेरफार 'दाखल' आहे, 'नोटीस बजावलेला' आहे, 'विवादग्रस्त' आहे, 'प्रमाणित' आहे किंवा 'रद्द' आहे. प्रत्येक अवस्थेस दिनांक आहे, जबाबदार अधिकारी आहे, आणि ती विचारता येते. पेन्सिल हा सातबाऱ्यावरील एक रकाना होता. तो कोणी आडून चालविलेली युक्ती नव्हता. वेबवरील ज्या आज्ञावलींत हूकांची गर्दी झालेली असते त्यांतील पुष्कळसे हूक तपासून पाहिले असता असे आढळून येईल की तेथे एक अवस्था लिहावयाची राहून गेलेली आहे व तिची उणीव गुप्त क्रियेने भरून काढलेली आहे.

(८)

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. ज्या कामाच्या होण्या-न होण्याने कोणाच्या हक्कास बाध येत नाही, ते हूकवर सोपविण्यास हरकत नाही. ज्या अटीवाचून नोंद खोटी ठरते ती तक्त्याच्याच अंगी असली पाहिजे. आणि ज्या पायरीवर कोणाचा हक्क, पैसा किंवा प्रतिष्ठा अवलंबून आहे ती पायरी स्वतःच एक नोंद झाली पाहिजे: दिसणारी, दिनांकित, आणि जिच्याविषयी प्रश्न विचारता येईल अशी. नकारही याच नियमात येतो, आणि धाडावयाचा पण न धाडलेला संदेशही येतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या दृष्टीने एक अभ्यास करण्याजोगा आहे. हाती असलेल्या कोणत्याही प्रकल्पातील सर्व हूकांची यादी करावी, आणि प्रत्येकापुढे लिहावे की तो चालला नाही तर ते कोणास, कोठे व केव्हा कळेल. ज्यांच्यापुढे 'कोणासच नाही' असे लिहावे लागेल, त्यांचा विचार प्रथम करावा. मिरजेच्या तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी येणाऱ्या मनुष्यास हूक म्हणजे काय हे माहीत असण्याचे कारण नाही. आपले नाव का लागले नाही, एवढेच तो विचारतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर वहीत सापडावे, इतकी सोय तरी संगणकपूर्व काळातील कायदेकारांनी त्याच्यासाठी करून ठेवली होती. नव्या रचनाकारांनी ती सोय कमी करू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.